दट्ट्या अडतो तेव्हा: स्नायूत इंजेक्शन देऊ लागलेल्यांसाठी

नोकरीच्या पहिल्या वर्षी, ऱ्हुमॅटिक तापानंतर नियमित इंजेक्शन घेणाऱ्या एका मुलाला मी बेन्झाथिन पेनिसिलिनचा 12 लाख युनिटचा डोस देत होते. निम्मे औषध स्नायूत गेले होते. मुलगा कळवळला म्हणून मी दोन-तीन सेकंद थांबले आणि पुन्हा अंगठा दाबला, तर दट्ट्या जागचा हलेना. मी जोर वाढवला; सुई सिरिंजच्या टोकावरून निसटली, औषध त्याच्या कपड्यांवर उडाले आणि नेमका किती डोस आत गेला हे सांगणे अशक्य झाले. दर 3 ते 4 आठवड्यांनी हेच इंजेक्शन घ्यावे लागणाऱ्या त्या मुलाच्या मनात माझ्या घाईने भीती बसली, याची बोच मला आजही आहे. म्हणून नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकांना मी आधी हेच सांगते, की दट्ट्या अडला तर जोर वाढवू नये. अडथळा औषधात, सुईत, सिरिंजमध्ये की स्नायूत आहे, हे शोधावे.

माझी चूक कुठे झाली ते मला नंतर एका ज्येष्ठ सिस्टरांनी समजावून दिले. बेन्झाथिन पेनिसिलिन हे पाण्यासारखे द्रावण नाही, त्यात औषधाचे बारीक कण तरंगत असतात. मध्येच थांबले की ते कण सुईच्या अरुंद पोकळीत दाटून बसतात. त्यामुळे हे औषध सावकाश, पण न थांबता, एकाच गतीने द्यावे लागते, आणि सिरिंजमध्ये भरल्यावर ट्रेमध्ये पडू न देता लगेच वापरावे लागते. मानसिक आजारांवरील हॅलोपेरिडॉल डेकॅनोएटसारख्या तेलातील औषधांची अडचण निराळी असते. त्यात कण नसतात, पण ती मुळातच दाट असतात. कोणतेही औषध थंड असताना अधिक घट्ट वाहते, म्हणून फ्रीजमधून काढलेली व्हायल (औषधाची छोटी बाटली), सोबतच्या माहितीपत्रकात मनाई नसेल तर, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. गरम पाण्यात बुडवू नये.

सुईची निवड तर मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गेजचा, म्हणजे सुईच्या जाडीचा, आकडा वाढतो तशी सुई बारीक होते: हिरव्या हबची (हब म्हणजे सुईचा सिरिंजला बसणारा रंगीत भाग) 21 गेज सुई बाहेरून 0.8 मिलिमीटर असते, निळ्या हबची 23 गेज 0.6 मिलिमीटर. फरक किरकोळ दिसतो, परंतु पोकळीचा व्यास निम्मा झाला तर प्रवाहाला होणारा विरोध 16 पट होतो. रुग्णाला कमी दुखावे म्हणून दाट औषधासाठी बारीक सुई घेणे ही दयाबुद्धी असली, तरी ती अखेर रुग्णालाच महागात पडते. सिरिंजही गरजेपेक्षा मोठी घेऊ नये, कारण बॅरल, म्हणजे सिरिंजची नळी, जितके रुंद तितका तोच दाब निर्माण करायला अंगठ्याला अधिक जोर लावावा लागतो. दाट औषधासाठी फिरवून घट्ट बसणारी ल्युअर लॉक सिरिंज असेल तर सुई निसटण्याचा धोका बराच कमी होतो.

इंजेक्शनपूर्वी हवा काढताना सुईच्या टोकाशी थेंब दिसला, म्हणजे त्या क्षणी मार्ग मोकळा आहे. बराच काळ पडून असलेल्या सिरिंजचा रबरी भाग बॅरलला चिकटतो आणि पहिला धक्का जड लागतो. औषध भरण्याआधी दट्ट्या एकदा मागेपुढे केला की तो सुटतो. मात्र लसीकरणातील ऑटो-डिसेबल सिरिंजबाबत असे कधीही करू नये. तिचा दट्ट्या एकदाच मागे आणि एकदाच पुढे जातो व नंतर कुलूपबंद होतो, म्हणून व्हायलमध्ये सोडण्यासाठी आधी हवा ओढली तरी ती सिरिंज वाया जाते. नवख्या हातांकडून ‘अडकलेली’ सिरिंज माझ्याकडे येते, तेव्हा अनेकदा कारण हेच असते.

सुई शरीरात असताना दट्ट्या थांबला तर प्रथम बॅरलवरचा आकडा वाचून लक्षात ठेवावा. रुग्णाला स्नायू सैल सोडायला सांगावे. सुईचे टोक हाडाला टेकल्यासारखे वाटले तर ती दोन-तीन मिलिमीटर मागे घेऊन हलक्या दाबाने पुन्हा पाहावे. तरीही औषध सरकत नसेल तर सुई सरळ बाहेर काढावी, कापसाने जागा दाबावी आणि “औषध अडले आहे, दुसरी सुई घ्यावी लागेल,” असे रुग्णाला स्पष्ट सांगावे.

बाहेर काढलेल्या सुईचे टोक चेहऱ्यापासून दूर, गॉझवर धरून अगदी हलके दाबावे. थेंब सहज आला तर अडथळा स्नायूत होता. आला नाही तर सुई चिमट्याने किंवा धारदार वस्तूंच्या डब्याच्या खाचेत काढावी, उघड्या हाताने नव्हे. सुईविना औषध आले तर सुई बुजलेली होती. तरीही आले नाही तर सिरिंजच सदोष आहे. सिरिंज ठीक असेल आणि औषधात रक्त मिसळले नसेल, तर नवी निर्जंतुक सुई लावून उरलेला भाग दुसऱ्या जागी देता येतो. सिरिंज बदलावी लागली किंवा किती औषध गेले याची खात्री नसेल, तर पूर्ण डोस आपल्या अंदाजाने पुन्हा देऊ नये. डॉक्टरांना कळवून त्यांच्या सूचनेनुसार वागावे. दिलेले प्रमाण, दोन्ही जागा आणि सुईचा गेज नोंदवावा, आणि सिरिंज सदोष असेल तर तिच्या वेष्टनावरील बॅच क्रमांक जपून ठेवून प्रभारी सिस्टरांकडे द्यावा, म्हणजे त्याच खोक्यातील उरलेल्या सिरिंज वेळीच बाजूला काढता येतात.