हापूसच्या पानांतील पॉलिफेनॉल कसे तपासावेत
देवगड-रत्नागिरीच्या बागांतून हापूसची पाने आणताना तांबूस पालवी आणि जून पाने वेगळी ठेवावीत, कारण मँगिफेरिनसारख्या पॉलिफेनॉलांचे (वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या संयुगांचे) प्रमाण पानाच्या वयानुसार बदलते. धुतलेली पाने हवेशीर सावलीत वाळवावीत. कोकणच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, हीच पायरी मला सर्वांत नाजूक वाटते, कारण वाळण्यास उशीर झाला की पानांतील विकरे (एन्झाइम) पॉलिफेनॉलांचे ऑक्सिडीकरण करतात, पाने तपकिरी पडतात आणि पुढील मेहनत वाया जाते. वाळलेल्या पानांची पूड ७० टक्के इथेनॉलमध्ये २४ तास अंधारात भिजवून गाळावी. हा अर्क डीपीपीएच या, अँटिऑक्सिडंटांमुळे रंग गमावणाऱ्या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात मिसळून अर्ध्या तासाने ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण मोजावे. जांभळा रंग जितका फिका पडेल, तितकी अँटिऑक्सिडंट क्षमता अधिक. तुलनेसाठी अर्काविना नमुना अवश्य ठेवावा.