कोकणातल्या कोर्टातून जुन्या दाव्याचे कागद कसे काढायचे

दरवर्षी गणपतीला गावी आलं की कोणीतरी विचारतंच, आजोबांच्या वेळचा वाटपाचा दावा होता म्हणतात, त्याचं पुढं काय झालं, निकालाची नक्कल कुठं मिळेल. किंवा बाग विकत घ्यायची आहे आणि शेजारचा म्हणतो की त्यावर कोर्टात केस आहे. आमच्याच घरच्या जमिनीसाठी मी ही वाट दोनतीनदा चाललोय म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. कोर्टाचे बहुतेक कागद सामान्य माणसाला मिळतात, फक्त तुमच्या हातात केसचा नंबर पाहिजे. नंबर नसताना कोर्टात गेलात तर दिवस फुकट जातो, कारण रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठे नंबर आणि वर्षाप्रमाणे लावलेले असतात, आडनावाप्रमाणे नाही.

तर आधी नंबर शोधा, आणि तो कोर्टात नाही, घरात आणि तलाठ्याकडे शोधायला सुरुवात करा. सातबाऱ्यावर इतर हक्काचा रकाना बघा, तिथे दाव्याची नाहीतर हुकूमनाम्याची नोंद असू शकते. मग सातबाऱ्यावर जे फेरफार नंबर दिलेत, म्हणजे मालकी-हक्कात बदल झाला की घातलेल्या नोंदींचे नंबर, ते एकेक काढून वाचा, जुन्या फेरफारात बऱ्याचदा स्पष्ट लिहिलेलं असतं की अमुक कोर्टाच्या रे.मु.नं. अमुकच्या निकालाप्रमाणे नोंद केली. रे.मु.नं. म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर, साधा दिवाणी दावा. स्पे.मु. असेल तर तो वरच्या म्हणजे वरिष्ठ स्तर कोर्टातला, दरखास्त असेल तर निकालाच्या अंमलबजावणीचं प्रकरण, आणि वारस दाखला वगैरे सहसा किरकोळ अर्जात असतो. जुने सातबारे नि फेरफार स्कॅन होऊन महाभूमीच्या आपले अभिलेख या साइटवर आलेत, तिथे तालुका गाव निवडून फी भरून बघता येतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज द्या. घरात जुनी पत्र्याची पेटी असेल तर तीही उघडा, समन्स, वकिलाची पावती, पोस्टाचं पाकीट काहीही चालतं, नंबर आणि वर्ष दिसलं की झालं.

इथे कोकणातली एक खास भानगड सांगतो कारण यात लोक फार फिरतात. आपल्याकडच्या जमिनीचे बरेच वाद दिवाणी कोर्टात गेलेलेच नसतात, ते कुळाचे, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचे असतात. खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची जुनी पद्धत, रद्द करणारा कायदा १९४९ चा, कूळ कायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या तारखेला कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. त्या जमिनीची किंमत ठरवणं म्हणजे कूळ कायद्याचं कलम ३२ ग, नि पैसे भरल्यावरचं सर्टिफिकेट म्हणजे कलम ३२ म, हे सगळं तहसीलदारापुढं चाललं, अपील प्रांताकडे (उपविभागीय अधिकारी) आणि पुढे महसूल न्यायाधिकरणाकडे. म्हणजे फेरफारात ३२ ग किंवा ३२ म दिसलं तर कोर्टाच्या पायऱ्या चढू नका, सरळ तहसील कचेरीत नक्कल मागा. आमच्या घरी सगळे शपथेवर सांगायचे की कोर्टात केस झाली होती, मी दोन वेळा रजा टाकून मुंबईवरनं आलो, शेवटी फेरफार वाचला तेव्हा कळलं की ती तहसीलची कुळाची चौकशी होती, आणि तो फेरफार सगळा वेळ काकूच्या कपाटात होता.

जिल्ह्याचंही लक्षात ठेवा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे मालवण नाहीतर देवगडच्या त्याआधीच्या दाव्याचं अपील रत्नागिरीच्या जिल्हा कोर्टाच्या नावाने लिहिलेलं सापडू शकतं. तसंच अलिबागकडच्या जुन्या कागदांवर रायगड नाही, कुलाबा जिल्हा असतं, तो हाच. सिंधुदुर्गचं आजचं जिल्हा कोर्ट ओरोसला आहे, रत्नागिरी नि अलिबागची त्या त्या शहरातच. पण मूळ दावा बहुतेक वेळा तालुक्याच्या कोर्टात दाखल होतो, तेव्हा आधी तिथेच विचारा.

आता मोबाईलवर काय बघता येतं ते. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस नावाची सरकारी साइट आणि ॲप आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. राज्य, जिल्हा, कोर्ट निवडायचं आणि पक्षकाराचं नाव, केस नंबर, वकिलाचं नाव किंवा एफआयआर नंबर यापैकी एकाने शोधायचं. प्रत्येक केसला सीएनआर म्हणून सोळा अक्षरं-आकड्यांचा एक नंबर असतो, आपल्या राज्याचा एमएचने सुरू होतो नि शेवटचे चार आकडे वर्षाचे असतात, तो एकदा सापडला की वहीत लिहून ठेवा, पुढं सगळं त्यावरच चालतं. नावाने शोधताना वर्ष टाकावंच लागतं, मग अंदाजाने पाचसहा वर्षं एकेक करून बघा. प्रलंबित आणि निकाली असे दोन पर्याय असतात, दोन्ही बघा, बरेच जण फक्त प्रलंबित बघून केसच नाही म्हणून मोकळे होतात. नावं इंग्रजीत टाइप केलेली असतात, म्हणजे सावंतचं स्पेलिंग दोन तऱ्हेने, लक्ष्मणचं तीन तऱ्हेने, म्हणून पूर्ण नाव न टाकता आडनावाची किंवा नावाची पहिली तीनचार अक्षरं टाकून बघा. केस उघडली की तारखा, कोण न्यायाधीश, पुढची तारीख, आणि नशिबाने आदेशाची पीडीएफ पण मिळते. ती पीडीएफ वाचायला उत्तम, पण बँकेत, तलाठ्याकडे किंवा अपिलात ती चालत नाही, तिथे सही-शिक्क्याचीच नक्कल लागते. आणि कॉम्प्युटर यायच्या आधी निकाली निघालेले दावे यावर सापडत नाहीत. त्याचा अर्थ दावा झालाच नाही असा अजिबात नाही.

नक्कल काढायला कोर्टाच्या नकला विभागात जायचं. नकलेच्या अर्जात दावा नंबर, दोन्ही बाजूंची नावं, निकालाची तारीख आणि नेमका कोणता कागद पाहिजे ते लिहायचं, वर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आणि पानांप्रमाणे फी भरायची. तातडीची पाहिजे तर तसं अर्जावर लिहा, त्याची फी जास्त असते. कागदाचं नाव नीट लिहा ही माझी कळकळीची विनंती आहे. निकालपत्र म्हणजे न्यायाधीशांनी कारणांसकट लिहिलेलं, हुकूमनामा म्हणजे त्यातून कोणाला काय मिळालं तेवढं, वाटपाच्या दाव्यात फेरफार घालायला दोन्ही लागतात. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद. पुराव्यातल्या कागदांना निशाणी नंबर असतो, तो माहीत नसेल तर आधी फाईल पाहण्याचा अर्ज द्या, फाईल समोर बसून चाळा, निशाणी नंबर टिपून घ्या आणि मगच नकलेचा अर्ज करा, नाहीतर नको त्या पानांचे पैसे भरून पाहिजे तो नकाशा राहून जातो. सगळ्या फायली कायम ठेवत नाहीत, ठराविक वर्षांनी किरकोळ कागद नियमाप्रमाणे नष्ट होतात, निकाल आणि हुकूमनामा मात्र जास्त काळ जपतात, म्हणून जुन्या प्रकरणात त्या दोघांचीच मागणी आधी करा.

तुम्ही किंवा तुमचे वाडवडील दाव्यात पक्षकार असाल तर नक्कल हा हक्क आहे, वारस असाल तर नातं दाखवणारा कागद सोबत ठेवा. तिऱ्हाईत असाल, म्हणजे जमीन विकत घेणारे वगैरे, तर कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र जोडून कोर्टाची परवानगी मागायची असते. खरं कारण लिहा, मी ही जमीन खरेदी करतोय, हे कारण पुरेसं साधं नि पटणारं आहे. घटस्फोट, लहान मुलांची आणि बलात्काराची प्रकरणं सगळ्यांसाठी खुली नसतात, आणि तशीच असायला हवीत. माहिती अधिकारात अर्ज टाकून कोर्टाची फाईल मिळवायचा नाद सोडा, मार्च २०२० मध्ये गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की कोर्टातले कागद कोर्टाच्या नियमांनीच मागायचे. तहसीलच्या कागदांना मात्र माहिती अधिकार चालतो.

निकाल नुकताच लागला असेल आणि तुम्ही हरला असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. जिल्हा कोर्टात अपिलाला तीस दिवस असतात. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे त्यातून वजा होतात, पण ते तुम्ही अर्ज दिल्यापासून मोजतात. अर्ज द्यायच्या आधी कोर्टाने हुकूमनामा तयार करायला घेतलेला वेळ वजा होत नाही, आणि नक्कल तयार असून तुम्ही न्यायला गेला नाहीत तर तेही दिवस तुमच्याच अंगावर. म्हणून निकालाच्याच दिवशी, एसटी पकडायच्या आधी, नकलेचा अर्ज देऊन पोच घ्या. नकलेवर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखा लिहिलेल्या असतात, त्या तिथेच उभ्याने तपासा, चुकली असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. माझ्या एका नातलगाने वकील काढतील म्हणून वाट बघितली, वकिलांना वाटलं पक्षकार काढेल, आणि मग उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज करावा लागला, वर्ष त्यातच गेलं.

अपील हायकोर्टात गेलेलं असेल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचं काम हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (तिथल्या खंडपीठाकडे) आहे, रायगडचं मुंबईलाच. हायकोर्टाचे निकाल साइटवर फुकट वाचता येतात.

चाकरमान्यांसाठी एवढंच की मे महिन्याची सुट्टी बघून येऊ नका, तेव्हा कोर्टालाही उन्हाळी सुट्टी असते नि माणसं कमी असतात, आणि गणपतीत तर सुट्ट्याच. पावसाळ्यात जुलैचा एखादा मधला वार धरा. येणं जमत नसेल तर गावातल्या विश्वासू माणसाला अधिकारपत्र देता येतं का किंवा वकिलामार्फत अर्ज द्यावा लागेल का ते आधी फोन करून विचारा. बऱ्याच कोर्टांत ई-सेवा केंद्र आहे, तिथे केस शोधून देतात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कायद्यात दिलेल्या आणखी काहींना उत्पन्नाची अट न लावता फुकट मदत मिळते, बाकीच्यांना उत्पन्न बघून, फोन नंबर १५१००.

नक्कल हातात आली की तिचे फोटो काढून घरातल्या सगळ्या हिस्सेदारांना पाठवा आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर ठेवा, आपल्याकडच्या ओलीला वाळवीपेक्षा कमी वेळ लागतो.