ईकोत बिछाना, चिखलदऱ्याला मुक्काम: दोघांनी गाडीतूनच मेळघाट कसा पाहावा

अंबियाचा तोडा आटोपला, संत्र्याचा पैसा हाती आला, की आमच्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शीकडच्या घरांत लग्न, बोअर आणि ट्रॅक्टरचे हप्ते एवढीच बोलणी चालतात. नवरा-बायकोनं दोघांनीच चार दिवस कुठं जायचं, हे त्यात बसत नाही. आमच्याकडची बाई घराबाहेर पडते ती माहेरी, लग्नाला, नाहीतर दवाखान्यात. मला हे बदललेलं पाहायचं आहे, म्हणून लिहिते. ज्यांच्या दारात ईको किंवा ओम्नी उभी आहे, त्यांना महागडी कॅराव्हॅन भाड्यानं घ्यायची गरज नाही. गाडीला झोपायची खोली करायची, बाकी सगळं बाहेर.

मागची सीट किती दुमडते, पाठ किती खाली जाते हे आधी पाहा. त्या उंचीची एक इंची चौकोनी पाइपची चौकट वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या आणि वर 12 मिलिमीटरचा प्लाय तीन तुकड्यांत टाका. एकसंध फळी टाकली तर खालचं पातेलं काढायला पूर्ण बिछाना उचलावा लागतो. चौकट गाडीला भोकं न पाडता, सरकणार नाही अशी घट्ट बसली पाहिजे. सीट कापून काढणं, छत वाढवणं असले कायमचे बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये ते बसत नाही आणि पुढे विम्याचा दावा अडू शकतो. प्लाय कापण्याआधी अंगणात खडूनं तेवढीच चौकट आखा आणि दोघं तिच्यात झोपून पाहा. आमचे हे उंच आहेत, त्यांचे पाय चौकटीबाहेर जात होते. म्हणून पुढच्या सीटच्या पाठीला टेकेल असा एक जोडतुकडा आम्ही जास्तीचा केला. गादी हिवाळ्यात घरच्या कापसाची चालते. पावसाळ्यात मात्र फोमचीच न्या, कारण चिखलदऱ्याचं धुकं कापसाच्या गादीत मुरतं आणि ती तिथं वाळत नाही.

विजेसाठी मोठी बॅटरी लागत नाही. बॅटरीवरच्या फवारणी पंपात 12 व्होल्टची बॅटरी असते. तसलीच 12 अँपिअर-तासांची एक नवी बॅटरी कृषी केंद्रातून घ्या. तिच्यात 144 वॉट-तास मावतात. लेड-ॲसिडची असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे 72. दहा वॉटचा छोटा पंखा त्यावर सात तास फिरतो. डिसेंबरात वर पंख्याचं कामच पडत नाही. एक एलईडी दिवा आणि मोबाइल चार्जिंग, बस. गाडीच्या मूळ बॅटरीवर रात्री काहीही लावू नका, सकाळी घाटात धक्का मारायला माणसं मिळत नाहीत.

पाण्यासाठी वीस लिटरच्या दोन कॅन, एक पिण्याची, एक वापरायची. हातपाय आणि भांडी धुवायला सोळा लिटरचा नवा कोरा फवारणी पंप फार कामाचा: बारीक धार, पाणी कमी लागतं, दाबही चांगला. पण कोराच घ्या आणि त्यावर रंगानं मोठी खूण करून तो घरातच ठेवा, शेतातल्या पंपांत मिसळू देऊ नका. औषध फवारलेला पंप सोड्यानं धुवा, उन्हात ठेवा, काहीही करा, तो अंगासाठी आणि भांड्यांसाठी वापरायचा नाही. 2017 साली यवतमाळकडे फवारणीतल्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर गेले. ते लक्षात असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये, तरी सांगते.

आता मुख्य गोष्ट: रात्र कुठं काढायची, हे घरूनच ठरवून निघा. व्याघ्र प्रकल्पात रस्त्याच्या कडेला गाडी लावून झोपता येत नाही. जागा कितीही सुरेख दिसो, नदी कितीही जवळ असो, तिथं थांबायचं नाही. मेळघाट 1974 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. वाघाशिवाय अस्वल आणि बिबट्या आहेत, आणि अंधारात लघवीला उतरलेल्या बाईसाठी अस्वल हे फार वाईट जनावर. चिखलदऱ्यात लॉज आणि हॉटेलं भरपूर आहेत. दोन दिवस आधी फोन करून सरळ विचारा: आवारात गाडी लावू, गाडीतच झोपू, संडास-बाथरूम वापरू, काय घ्याल? शनिवार-रविवारी बहुतेक जण नाही म्हणतात, आठवड्याच्या मधल्या दिवशी आनंदानं हो म्हणतात. फोनवर बाईनं बोलावं, असं माझं मत. संडासला रात्री दिवा असतो का, कडी आतून लागते का, गरम पाणी किती वाजता मिळतं, हे प्रश्न पुरुषांना सुचत नाहीत. आमचे हे आता म्हणतात, "जागा ठरली ना, मंग मले गाडी चालवाले काही वाटत नाही."

एक रात्र जंगलाच्या जवळ हवी असेल तर सेमाडोह किंवा कोलकासला वनखात्याची निवासाची सोय आहे. तिथं गाडीत न झोपता खोलीच घ्या. खोली आणि सफारी दोन्हीचं आरक्षण व्याघ्र प्रकल्पाच्या वेबसाइटवरून करता येतं, तिथंच कोणता गेट सुरू आहे तेही पाहून घ्या. सफारीला आपली गाडी बाहेर ठेवून गाइडसोबत जिप्सीत बसायचं. वाघ दिसलाच पाहिजे म्हणून येणार असाल तर ताडोबाला जा. मेळघाटात डोंगर, साग आणि दऱ्या पाहायला यायचं. रानगवा, सांबर दिसतात, अस्वल नशिबानं.

मोर्शीहून आम्ही चांदूर बाजारवरून परतवाड्याला येतो. टाकी, हवा, रोख पैसे, गोळ्या-औषधं, सगळं परतवाड्यातच पूर्ण करा. पुढे मोबाइलची रेंज जाते-येते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करा आणि मुलांना मुक्कामाचं ठिकाण सांगून ठेवा. वर जायला एक रस्ता धामणगाव गढी आणि मोथ्यावरून, दुसरा घटांगवरून. आम्ही मोथ्यावरून चढतो आणि घटांगकडून उतरतो, म्हणजे दोन्ही बाजू पाहून होतात.

भरलेली ईको घाटात जड होते. नुसतं पाणीच चाळीस किलो. दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढा, वळणावर हॉर्न वाजवा. उतरताना समोरून वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे आपल्याकडे खूप आहेत. त्यानं सगळा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. जळका वास आला की रुंद जागा पाहून अर्धा तास थांबा आणि तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका. धुक्यात दिवे डिपरवर ठेवा, अप्परचा उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांत येतो. घाट दिवसाउजेडीच पार करायचा. सेमाडोह-हरिसालच्या जंगल रस्त्यावर मात्र हॉर्न नाही, गाणी नाहीत, वेग कमी, आणि माकडांना काही म्हणजे काही देऊ नका. ती गाडीवर चढायला शिकतात आणि मग रस्त्यावर मरतात.

स्वयंपाकाला पाच किलोचा सिलिंडर पुरतो. तो फक्त गाडीबाहेर, मोकळ्या आवारात, मालकाला विचारून पेटवायचा. दारं बंद करून आत चहासुद्धा ठेवू नका. इंजिन चालू ठेवून हीटर किंवा एसी लावून झोपायचंही नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेलं माणूस उठत नाही. दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटं उघड्या ठेवा आणि त्यावर मच्छरदाणीची जाळी चुंबकानं लावा. मेळघाटात मलेरिया आहे, जाळीचा कंटाळा करू नका. जंगलात चूल, शेकोटी, गोवऱ्यांवरचे पानगे, यातलं काहीही नको. 15 फेब्रुवारीपासून 15 जूनपर्यंत वणव्याचा हंगाम असतो आणि वाळल्या पानांना एक ठिणगी पुरते. पहिल्या दिवसासाठी दशम्या, जवसाची चटणी, ठेचा आणि फुटाणे घरून न्या. दुसऱ्या दिवशी वर गरम भाकर आणि पिठलं कुणीही करून देतं. मोथ्याकडे गवळी लोकांचा खवा मिळतो, तो घ्याच. चिखलदऱ्याला कॉफीही पिकते. आमच्या चहा पिणाऱ्या जिल्ह्यात हे खूप जणांना ठाऊकच नाही.

चिखलदरा सुमारे 1100 मीटर उंचावर आहे. परतवाड्यात दुपारी घाम येतो आणि इथं रात्री दोन ब्लँकेटं कमी पडतात. कानटोपी आणि मोजे बिछान्यातच ठेवा. सकाळी लवकर गाविलगड करा. किल्ला मोठा आहे, सावली कमी, पाणी सोबत हवं. 1803 च्या डिसेंबरात वेलस्लीच्या इंग्रज फौजेनं तो नागपूरच्या भोसल्यांकडून घेतला. तटावरून दऱ्या पाहिल्या की इतक्या अवघड जागी तोफा चढवल्या कशा, हाच प्रश्न पडतो. कीचकाला मारून भीमानं हात धुतले म्हणतात ते भीमकुंड, पंचबोल आणि देवी पॉइंट दुपारनंतर. वैराट जंगलाच्या हद्दीत आहे, त्याचा वेगळा वेळ धरा. बाकीचे पॉइंट राहिले तर राहू द्या. दोघांनी निघाल्यावर एक सकाळ नुसतं गाडीचं मागचं दार वर करून, पाय खाली सोडून चहा पीत बसायला ठेवा. घरी चहा उभ्यानंच होतो.

कामं आधीच वाटून घ्या. आमच्यात गाडी, हवा, पाणी आणि सामान बांधणं यांचं. मुक्काम ठरवणं, पैसे आणि किती वाजता निघायचं हे माझं. मी थांबा म्हटलं की गाडी थांबते. मला चालवता येत नसतानाही हे ठरलेलं होतं. आता सपाट रस्त्यावर मीही चालवते, आणि प्रत्येक बाईनं निदान परतवाड्यापर्यंत चालवून पाहावी.

कचरा वर टाकू नका. पिशवीत बांधून खाली आणा. घरी पोचल्यावर फळ्या काढून उन्हात उभ्या करा, कॅन उलट्या करून वाळवा. बॅटरी त्याच दिवशी पूर्ण चार्ज करा. लेड-ॲसिडची बॅटरी उतरलेली तशीच पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेट साचतं आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. नंतर महिन्यातून एकदा चार्जिंगला लावत जा.