क्रेन मोजून शहरातल्या बांधकामाचा अंदाज कसा घ्यावा

बांधकामाच्या साइटवर प्लॅनिंगचं काम करत आले, त्यामुळे कुठल्याही उंच गच्चीवर गेले की माझी नजर आधी टॉवर क्रेन, म्हणजे उंच मनोऱ्यावर उभी असलेली क्रेन, शोधते. बांधकामाचे अधिकृत आकडे हाती येईपर्यंत महिने उलटलेले असतात, क्रेन मात्र आजच दिसते. मोजायचं कसं, ते सांगते.

मोजायच्या त्या फक्त टॉवर क्रेन. चाकांवरच्या मोबाइल क्रेन आज इथे, उद्या तिथे, त्या सोडा. बंदरातल्याही नकोत. टॉवर क्रेनमध्ये आडव्या बूमची, म्हणजे आडव्या लांब हाताची, क्रेन सहज दिसते. दाटीच्या जागी मात्र आडवी बूम शेजारच्या इमारतीवर जाते, म्हणून तिथे बूम वर उचलता येणारी लफिंग क्रेन लावतात. मोजताना नेमकी हीच इमारतींच्या आड राहून सुटते, तेव्हा तिच्यासाठी एक फेरी खालून, रस्त्यावरून मारा.

दोन-तीन उंच जागा ठरवा आणि दर वेळी त्याच ठेवा. प्रत्येक जागेवरून मोबाइलच्या होकायंत्रावर क्रेनची दिशा अंशांत टिपा. नकाशावर दोन जागांवरून रेषा ओढल्या की त्या छेदतात तिथे साइट. असं केलं की एकच क्रेन दोनदा मोजली जात नाही. साइट आणि क्रेन वेगवेगळ्या मोजा, कारण एका मोठ्या प्रकल्पावर चार-चार क्रेन असू शकतात.

वहीत साइट, क्रेनची संख्या, इमारत कशासाठी आहे आणि किती स्लॅब ओतून झाले, एवढं लिहा. शेवटचा रकाना कधीही रिकामा सोडू नका. क्रेन उभी आहे म्हणजे काम चालू आहे, असं मुळीच नाही. काम बंद करताना ऑपरेटर बूमचं फिरणं रोखणारा ब्रेक मोकळा करून ठेवतो. जोराच्या वाऱ्यात क्रेनवर ताण येऊ नये म्हणून बूम वाऱ्याबरोबर फिरू द्यावी लागते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, क्रेन फिरतेय, काम जोरात आहे. म्हणून बूमकडे बघू नका, हुककडे बघा: सळईचा भारा किंवा काँक्रीटची बकेट वर जातेय का? वारा असताना आसपासच्या सगळ्या बूम एकाच दिशेला तोंड करून असतील, तर त्या बहुधा मोकळ्या सोडलेल्या आहेत. आणि मागच्या फेरीत बारावा स्लॅब होता, आजही बाराव्यावरच, तर त्या साइटपुढे ‘अडकलेली’ लिहा.

क्रेनवरून सगळं कळत नाही, हेही ध्यानात असू द्या. खोदकामाच्या काळात ती बहुतेक आलेली नसते आणि प्लास्टर, फरशी, प्लंबिंग सुरू असताना निघून गेलेली असते. क्रेन मोजता तेव्हा तुम्ही मुख्यतः आरसीसीचं, म्हणजे काँक्रीटच्या सांगाड्याचं काम मोजता. क्रेन गेली पण बाहेरच्या भिंतीला हॉइस्ट, म्हणजे माणसं-सामान वर नेणारी तात्पुरती लिफ्ट आहे, म्हणजे आत काम चालू आहे. शिवाय मायवान शटरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याचे, ॲल्युमिनियमचे पॅनल मजूर हातानेच वरच्या मजल्यावर चढवतात, त्यामुळे अशा उंच इमारतींवर क्रेन नसूही शकते. त्यांची यादी वेगळी ठेवा.

रायडर लेवेट बकनॉल ही सल्लागार कंपनी उत्तर अमेरिकेतल्या शहरांचा क्रेन निर्देशांक वर्षातून दोनदा काढते. डेलॉइटचा लंडनचा ‘क्रेन सर्व्हे’ नावाने क्रेनचा असला, तरी त्यात पाहिली जातात ती ऑफिसच्या इमारतींची बांधकामं आणि त्यांचं क्षेत्रफळ. एकट्याला क्षेत्रफळ गोळा करणं जड जातं; स्लॅबचा रकाना ती उणीव बरीच भरून काढतो.

फेरी दर तीन महिन्यांनी करा. पहिल्या फेरीचा आकडा १०० धरून पुढचे त्याच्याशी ताडा, पण प्रत्येक क्रेनपुढे नवी, चालू, गेलेली की अडकलेली हे लिहाच. एकूण ४० च्या ४० राहिल्या, पण त्यात १० नव्या आल्या आणि १० गेल्या, तर शहरात काम वाहतं आहे. त्याच ४० जागच्या जागी आणि स्लॅबही तेवढेच, तर काम थबकलं आहे.