इंग्रजी न येणाऱ्या बाबांसोबत 'द टर्मिनल' कसा बघावा

बाबांना इंग्रजी येत नाही, म्हणून २००४ सालचा हा स्पीलबर्गचा सिनेमा मी त्यांना इतकी वर्षं दाखवलाच नव्हता. चुकलं माझं. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर अडकलेल्या व्हिक्टर नावोर्स्कीलाही सुरुवातीला इंग्रजी कुठे कळतं? बाबांची आणि त्याची गट्टी तिथेच जमली.

आधी एवढंच सांगा: व्हिक्टरचा देश क्राकोझिया काल्पनिक आहे. पुढे अधिकारी डिक्सन वेफर्सच्या पाकिटावर सफरचंद आपटून काहीतरी समजावतो, तेव्हा अजिबात बोलू नका. व्हिक्टर गोंधळतो, तसं बघणाऱ्यालाही गोंधळू द्या. मग टीव्हीवर त्याला आपल्या देशातला गोळीबार दिसतो आणि तो एका पडद्याकडून दुसऱ्याकडे धावत सुटतो. आता पॉज करा. "हा विमानात असताना तिकडे सत्ता उलथली. पासपोर्ट बाद. याला ना बाहेर जाता येत, ना घरी." बाबा नुसतं "अरे देवा" म्हणाले आणि पुढे सरकून बसले.

इंग्रजी सबटायटल्स बंदच ठेवा, नजर उगाच अक्षरांत अडकते. ट्रॉली जागेवर लावली की पंचवीस सेंटचं नाणं मिळतं, त्यातून तो बर्गर घेतो. एकच गाईडबुक दोन भाषांत घेऊन ओळीला ओळ लावत इंग्रजी शिकतो. हे सगळं नुसतं बघून कळतं. एअर होस्टेस अमेलियाचं प्रेमप्रकरणही समजावत बसू नका, सिनेमाचा जीव त्यात नाही.

जीव आहे बकरीच्या प्रसंगात. आजारी वडिलांसाठी औषधं नेणाऱ्या एका प्रवाशाकडे कागद नसतात, औषधं जप्त होणार असतात आणि दुभाषा म्हणून व्हिक्टरला बोलावतात. इथे थांबवून फक्त नियम सांगा: जनावराच्या औषधाला कागद लागत नाही. व्हिक्टर काय करतो ते सांगू नका. आमच्याकडे मी प्ले दाबलं आणि 'गोट' हा शब्द बाबांनी माझ्याआधी पकडला!

सफाई कामगार गुप्ता ताटल्या फिरवतो तेव्हा जरूर सांगा, की हे काम करणारे कुमार पल्लना मूळचे इंदूरचे आणि ही कला त्यांची स्वतःची.

व्हिक्टर सतत जपतो त्या शेंगदाण्यांच्या डब्यात काय आहे, याबद्दल मात्र शेवटपर्यंत अवाक्षर नको.

पॅरिसच्या विमानतळावर १९८८ ते २००६ खरोखर राहिलेल्या मेहरान करीमी नासेरी यांची गोष्ट दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. त्या रात्री, सिनेमा संपल्यावर, फक्त त्या डब्यामागचा खरा फोटो दाखवा: आर्ट केन यांनी १९५८ मध्ये हार्लेममध्ये काढलेला, ५७ जॅझ कलाकारांचा. शेवटी दिसणारे सॅक्सोफोनवादक बेनी गोल्सन त्यात खरोखरच आहेत. बाबांनी चष्मा लावून एकेक डोकं मोजायला घेतलं आणि मध्येच थांबून विचारलं, "खाली बसलेली ही पोरं धरायची का?"