वेल्सचे किल्ले एका दिवसात पाहताना

लिव्हरपूल किंवा मँचेस्टरहून गाडीने निघणारे बहुतेक जण कॉनवी, कार्नार्वन आणि हार्लेख या तीन किल्ल्यांपैकी वाटेत प्रथम लागणाऱ्या कॉनवीपाशीच रेंगाळतात आणि मग हार्लेखचे दार बंद होण्याची वेळ येते.

म्हणून क्रम उलटा ठेवावा: सकाळी बाला गावामार्गे थेट हार्लेख गाठावे, दुपारी कार्नार्वन पाहावे आणि शेवटी कॉनवी, म्हणजे डोंगरातले अरुंद रस्ते उजेडात सरतात व परतीला ए-५५ हा रुंद रस्ता मिळतो. नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्यावा, कारण डोंगरात रेंज जाते; त्यात किल्ल्याऐवजी वाहनतळाचा पिनकोड घालावा, नाहीतर कॉनवीच्या तटबंदीतल्या गल्ल्यांत गाडी अडकते.

एका वेळी एकच गाडी जाईल अशा अरुंद रस्त्यावरील ‘पासिंग प्लेस’, म्हणजे कडेच्या रुंद जागा, समोरच्याला वाट देण्यासाठी असतात. फोटोसाठीसुद्धा तिथे गाडी उभी करू नये.