नीसमध्ये खायचं कुठे? आधी सोक्का, मग बाकी सगळं

ओळखीतलं कोणी फ्रान्सला निघालं आणि प्लॅनमध्ये नीस असलं की माझं एकच सांगणं असतं, बॅगा हॉटेलवर टाका आणि आधी सोक्का खा. एअरपोर्टवरून ट्रामची लाइन २ थेट बंदरापर्यंत म्हणजे पोर लिंपियाला जाते, तिथून शे पिपो जवळच आहे, चालतच जा. १९२३ पासूनचं दुकान आहे हे. सोक्का म्हणजे चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह ऑइल आणि मीठ, बस. आपल्या बेसनाच्या धिरड्याचं चुलत भावंडच, फक्त तव्यावर न घालता तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, त्यामुळे वरून काळपट डाग, कडा कुरकुरीत आणि आत एकदम मऊ लागतो. वर मिरपूड भरपूर घाला, हातानेच खा आणि गरम असतानाच संपवा, गार झाला की मजा गेली. रांग दिसली तर परत फिरू नका, रांग असली की घाणा ताजाच मिळतो.

सकाळ कूर सालेयाच्या बाजारासाठी ठेवा, पण सोमवार सोडून, सोमवारी तिथे भाजी-फळं नसतात, जुन्या वस्तू विकायला असतात. तिथे तूर्त द ब्लेत शोधा, पालेभाजी भरलेली गोड पेस्ट्री, आत बेदाणे आणि चिलगोजे, ऐकायला विचित्र वाटतं पण खरंच खाऊन बघा. आजूबाजूला फोटोवाले मेनू लावलेली टेबलं आहेत तिथे मी बसत नाही, त्यापेक्षा पां बान्या पार्सल घ्या (गोल पावात ट्यूना, अँचोव्ही, अंडं, टोमॅटो, ऑलिव्ह) आणि सरळ समुद्रावर जाऊन खा.

व्हेज असाल तर नीट लक्ष द्या. पिसालादिएर (पिझ्झासारखी कांद्याची रोटी) दिसायला नुसती कांद्याची असते पण त्यात अँचोव्ही मासा असतो, आणि इथल्या रॅव्हिओलीत बहुतेक वेळा बीफ. 'सां व्हियांद, सां प्वासों' म्हणजे मांस नको, मासा नको, एवढं पाठच करा. सोक्का मात्र बिनधास्त खा.

रात्री नीट बसून जेवायचं तर ला मेरेंदा, अगदी छोटी जागा, फोनवर बुकिंग नाही, दुपारीच जाऊन टेबल सांगून यायचं. नाही मिळालं तर दारावर 'क्युझीन निसार्द'चं स्टिकर असलेलं कुठलंही बघा, तिथे इथल्या पारंपरिक पद्धतीचं जेवण मिळतं. आणि वेळ सांभाळा, दुपारी दोननंतर बरीच किचनं बंद होतात ती थेट सातला उघडतात. पाणी मागताना 'काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट देतात, नाहीतर बाटलीचे पैसे लागतात.

जेवण झालं की प्लास रोसेटीला फेनोकिओचं आइस्क्रीम, नव्वदच्या वर फ्लेवर आहेत, मी लॅव्हेंडरचं घेते, टोमॅटो-तुळशीचंही मिळतं.